सापाच्या टाकीत माइट झाले: कुठला उपाय कुठल्या घरासाठी

पाळलेला साप एकाएकी दिवसभर पाण्याच्या भांड्यात बसून राहायला लागला, तर त्याच्या हनुवटीखालची घळ आणि डोळ्यांच्या कडा नीट बघा. मग पांढरा टिशू पेपर ओला करून अंगावरून हलक्या हाताने फिरवा. कागदावर मिरपुडीच्या कणांसारखे काळे ठिपके आले, त्यातला एखादा चालायला लागला आणि नखाने दाबल्यावर लालसर डाग पडला, तर ते रक्त पिणारे माइट, म्हणजे गोचिडीच्या जातकुळीतले बारीक परजीवी आहेत. शास्त्रीय नाव ओफिओनायसस नॅट्रिसिस. ओलसर भुशात पांढुरके, संथ किडे दिसतात ते वेगळे. ते कुजकं खातात, सापाला चावत नाहीत. भुसा बदलला आणि ओल कमी केली की ते जातात.

खरे माइट निघाले की पहिला प्रश्न येतो, ‘सापाला काय लावू?’ माझ्या मते त्याआधी टाकीचा विचार करायला हवा. मादी अंडी सापाच्या अंगावर नाही, तर टाकीच्या फटीत, लाकडाच्या सालीखाली, झाकणाच्या खाचेत घालते. आयुष्यभरात साधारण ६० ते ८०. अंड्यापासून प्रौढ माइट व्हायला उबदार टाकीत दोन-तीन आठवडे पुरतात. म्हणून कुठल्याही उपायाबद्दल दोनच गोष्टी विचारा: तो फटीपर्यंत पोचतो का, आणि अंडी फुटून पिल्लं बाहेर येईपर्यंत टिकतो का?

पाणी आणि तेल हे उपाय या दोन्ही कसोट्यांवर नापास होतात. कोमट पाण्यात सापाला ठेवलं की अंगावरचे बरेच माइट बुडून मरतात, पण पाण्याबाहेर असलेल्या डोक्यावरचे वाचतात. तेलाचा पातळ हात दिला तर डोक्यावरचेही गुदमरतात, मात्र अंग चिकट होतं, त्यावर घाण बसते आणि कात नीट उतरत नाही. पहिल्या रात्री सापाला आराम म्हणून पाणी जरूर वापरा. अंघोळीवरच भिस्त ठेवली, तर दोन आठवड्यांनी पुन्हा तेच ठिपके दिसतील.

परमेथ्रिन या कीटकनाशकाचा फवारा हा माझ्या दृष्टीने बहुतेक घरांसाठी पहिला पर्याय, कारण तो फटीत बसतो आणि वाळल्यानंतरही काही आठवडे काम करतो. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या टाकीसाठी म्हणून बनवलेलाच घ्या. शेतीचं किंवा गुरांचं औषध अंदाजाने पातळ करून मारू नका. साप आणि पाण्याचं भांडं आधी बाहेर काढा, रिकाम्या टाकीवर फवारा, खिडक्या उघड्या ठेवा. पूर्ण वाळून वास गेल्याशिवाय साप आत जाता कामा नये. एक अडचण मोठी आहे: घरात मांजर असेल तर हे औषध तिच्यासाठी विष आहे, कारण मांजराच्या यकृताला ते नीट मोडता येत नाही. माशांनाही ते मारक आहे. अशा घरात फवारणी मांजर आणि मत्स्यटाकीपासून दूर, बंद खोलीत करणं शक्य नसेल, तर हा पर्याय सोडून द्या.

फिप्रोनिल हे कीटकनाशक थोडं वेगळं. ते कापडावर घेऊन सापाच्या अंगावर पुसतात, म्हणून अंगावरचे माइट लवकर मरतात. पण फवाऱ्यात अल्कोहोल असतं आणि लहान, अशक्त सापाला ते झेपेलच असं नाही. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय हे करू नये.

आयव्हरमेक्टिन या परजीवी मारणाऱ्या औषधाच्या बाबतीत तर मी आणखी कडक आहे. इंजेक्शन दिलं की माइट रक्ताबरोबर औषध पितो आणि मरतो, दोन आठवड्यांनी सहसा पुन्हा डोस लागतो. मात्रा सापाच्या वजनावर ठरते आणि चुकली तर मेंदूवर परिणाम होतो. बॉल पायथन या पाळल्या जाणाऱ्या अजगरामध्ये असा त्रास झाल्याच्या नोंदी आहेत. कासवाला तर हे औषध जीवघेणं आहे. घरी दोन्ही प्राणी असतील तर बाटली कासवाच्या आसपाससुद्धा नको.

शिकारी माइट हा पर्याय फार जण विचारातच घेत नाहीत, याचं मला वाईट वाटतं. स्ट्रॅटिओलेलॅप्स सिमिटस हे मातीत राहणारे माइट इतर माइट पकडून खातात, सापाला हात लावत नाहीत आणि खाणं संपलं की आपोआप घटतात. जिवंत झाडं आणि माती असलेली टाकी, घरात मांजर किंवा मासे, अशा ठिकाणी मी आधी हेच निवडेन. मात्र त्यांना ओलसर माती लागते, कोरड्या कागदावर ते तगत नाहीत. आधी कुठलंही कीटकनाशक मारलं असेल तर तेही मरतील, म्हणजे परमेथ्रिन आणि हे एकत्र चालत नाही. शिवाय काम आठवड्यांच्या हिशेबाने होतं. साप फिकट, मलूल झाला असेल, खाणं सोडलं असेल, तर तेवढा वेळ नसतो. रक्त कमी झाल्याची ती लक्षणं आहेत आणि आधी प्राण्यांचे डॉक्टर गाठायला हवेत.

रासायनिक मार्ग घेतला तर टाकीतला भुसा पिशवीत बांधून फेकून द्या आणि तळाला साधा कागद अंथरा. त्यावर एकही काळा ठिपका लपत नाही आणि तो रोज बदलता येतो. लपायची खोकी, दगड ५५ अंशांच्या वरच्या गरम पाण्यात बुडवा. सालीचं लाकूड टाकून दिलेलंच बरं. टाकीभोवतीची जमीन, कपाटामागची भिंत व्हॅक्यूमने ओढून घ्या, कारण माइट चालत शेजारच्या टाकीत जातात. माणसालाही चावून पुरळ उठवतात, पण माणसाच्या अंगावर त्यांचा संसार चालत नाही. सापाकडचे गेले की हाही त्रास थांबतो.

प्रौढ माइट ४० दिवसांपर्यंत जगू शकतो. म्हणून शेवटचा ठिपका दिसल्यापासून सहा आठवडे कागद आणि पाण्याचं भांडं रोज तपासत राहा, आणि तोवर त्या खोलीत नवा साप आणू नका.