गूगल साइट्स: घरोघर फिरणाऱ्या फिजिओला पुरतं का?

मी गोव्यातल्या फोंड्याची फिजिओथेरपिस्ट. क्लिनिक नाही. स्कूटरच्या डिकीत टेन्सचं (विजेच्या सौम्य लहरींनी दुखणं कमी करणारं) मशीन, थेराबँड (व्यायामाचा रबरी पट्टा) नि गोनिओमीटर (सांधा किती वाकतो ते मोजायचं साधन) टाकायचं आणि कुर्टी, कवळे, बांदोडा, म्हार्दोळ एवढ्या टापूत घरोघर फिरायचं. गुडघा बदललेल्या आज्या आणि पक्षाघातानंतर गोमेकॉतून (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळातून) घरी आलेले पेशंट, हेच माझं बहुतेक काम. दहा वर्षं ते तोंडोतोंडी मिळत गेलं. पण हल्ली फोन पेशंटचा येत नाही, त्याच्या बाहेरगावी असलेल्या मुलाचा नाहीतर सुनेचा येतो. गेल्या मे महिन्यात दुबईहून अशाच एका सुनेने विचारलं, "वेबसायट आसा मगो तुजी?" नाही म्हटलं, तर पलीकडे दोन क्षण काहीच आवाज नाही. तो पेशंट गेला.

मग एका वेब डिझायनरला गाठलं. बावीस हजार, अर्धे आगाऊ. आठवड्याने नमुना आला: मेणबत्त्या, गुळगुळीत दगड, पांढऱ्या टॉवेलवर पालथी झोपलेली परदेशी बाई. "अहो, हा स्पा झाला," मी म्हटलं. तर म्हणे, गोव्यात हेच चालतं. खाली ठळक अक्षरांत 'लकवा १०० टक्के बरा'. लकव्यावरच्या औषधाची जाहिरात करायला १९५४च्या औषधं आणि चमत्कारी उपायांच्या जाहिरातींवरच्या कायद्यानेच मनाई आहे. मी औषध देत नाही हे खरं, पण असलं वाक्य माझ्या नावाखाली नको होतं. पासवर्ड मागितला तेव्हा कळलं, डोमेनही (साइटचा पत्ता) त्याने स्वतःच्या नावावर घेतलंय. अकरा हजारांवर पाणी सोडलं.

पावसाळ्यातल्या एका रविवारी, लाइट असेपर्यंत, गूगल साइट्सवर, म्हणजे गूगलच्या वेबसाइट बनवायच्या सोयीवर, स्वतःच बसले. जीमेल असलं की झालं, पैसे पडत नाहीत. मजकुराचा चौकोन, फोटो, नकाशा, बटण जिथे हवं तिथे ओढून ठेवायचं. वर्डमध्ये बायोडेटा करता येत असेल तर हेही येतं. मोबाइलवर पान आपोआप नीट बसतं, आणि माझं पान मोबाइलवरच बघितलं जातं. बटणाला व्हॉट्सअ‍ॅपची लिंक दिली: डब्ल्यूए डॉट मी, तिरपी रेघ, ९१ आणि पुढे नंबर. दाबलं की थेट माझ्याशी गप्पा उघडतात.

मराठी मजकुराने मात्र दमवलं. स्थानिक दिवाळी अंकासाठी लिहिलेला गुडघ्यावरचा लेख जुन्या, युनिकोड (सगळीकडे सारखी उमटणारी अक्षरं) नसलेल्या फाँटात होता. तो चिकटवला, तर 'गुडघा'च्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबांची खिचडी. अख्खा लेख फोनवर बोलून पुन्हा उतरवला. 'वाटी सरकणे'चं फोनने 'वाट सरकणे' केलं होतं, ते दोन महिने कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही.

चार पानं केली. मी कोण, कुठवर येते, दर किती ही तीन भराभर झाली. (दर लिहावा की नाही यावर घरात वाद झाला. लिहिला. घासाघीस कमी झाली.) चौथं, 'पहिल्या भेटीआधी', हे मात्र तीनदा लिहिलं. डिस्चार्ज कार्ड आणि एक्स-रे काढून ठेवा. हातांची लाकडी खुर्ची हवी, प्लास्टिकची नको, उठताना ती मागे सरकते. खाटेपासून संडासापर्यंतच्या वाटेवरची पायपुसणी उचला. आजींना गाउन घाला, साडीत गुडघा किती वळतो ते दिसत नाही. पूर्वी पहिली पंधरा मिनिटं मी खुर्ची शोधण्यात घालवायची. परवा म्हार्दोळला गेले, तर खुर्ची मांडलेली, पायपुसण्या उचललेल्या आणि आजी गाउनमध्ये रुसून बसलेल्या.

पैसे खर्चायचेच तर डोमेनवर खर्चा, आणि ते स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर घ्या. फुकटचा पत्ता इतका लांब असतो की फोनवर सांगता सांगता धाप लागते. माझ्या नावाचं डॉट इन वर्षाला आठशेच्या आत पडलं. घेताना पहिल्या वर्षाचा नव्हे, नूतनीकरणाचा दर बघा. जोडताना चूक माझीच झाली: डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावलं तर पान उघडायचं, नुसतं नाव टाकलं तर नाही. जिथून डोमेन घेतलं तिथे 'फॉरवर्डिंग' (नुसत्या नावावरून डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूवाल्या पत्त्यावर पाठवणं) चालू करायचं असतं, ते राहून गेलं होतं.

गूगल फॉर्मही जोडला होता: नाव, फोन, आजार काय, ऑपरेशन कधी. मग लक्षात आलं, ही सगळी उत्तरं ज्या खात्यात जमतात ते घरच्या टॅबवर उघडं असतं, आणि टॅब मुलाच्या हातात. कुणाच्या सासूला लघवीचा त्रास आहे हे सातवीतल्या पोराला कळायची काय गरज? २०२३चा डेटा संरक्षण कायदा आहेच, पण त्याच्याही आधी लाज आहे. आता फॉर्ममध्ये नाव, गाव आणि फोन एवढंच. बाकीचं समोर बसून. त्याच कारणाने पेशंटचे फोटो किंवा कौतुकाचे चार शब्दही टाकले नाहीत.

नुसत्या साइटवर कुणी येत नाही, हेही सांगते. फोन वाढले ते गूगलवर व्यवसायाची नोंद केल्यावर. तिथे घरचा पत्ता लपवून फक्त 'या भागात सेवा' दाखवता येतं, बाईमाणसाला ते बरं. पडताळणीसाठी व्हिडिओ मागितला. पाटीच नाही, तर दाखवू काय? स्कूटरची डिकी उघडून मशीन दाखवलं. चाललं.

आठवड्याला लेख टाकायचे असतील तर इथे ब्लॉगची वेगळी सोय नाही, प्रत्येक लेखाचं नवं पान करावं लागतं. तारखांप्रमाणे लावलेलं, शोधता येणारं लिखाण हवं असेल तर वर्डप्रेस घ्या, मात्र स्वतः चालवायचं तर होस्टिंगचे (साइट ठेवायच्या जागेचे) पैसे आणि अपडेटची कटकट आपली. रूपही ठरावीक साच्यांतलंच मिळतं. पाच-सहा जणांचं क्लिनिक असेल तर हे अपुरं पडेल. मला एकटीला पुरतं.

डोमेनचं नूतनीकरण जुलैत येतं. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर, गॅस सिलिंडरच्या नोंदीशेजारी, लाल पेनाने लिहून ठेवलंय.