सीताबर्डीचा हेरिटेज वॉक: लढाई झकास, निकाल घाईचा

५ पैकी ३ स्टार. नागपुरातल्या झिरो माइलपासून निघून सीताबर्डीच्या दोन्ही टेकड्यांना वळसा घालत व्हरायटी चौकात संपणारा, रविवार सकाळचा अडीच तासांचा वॉक. एक गोष्ट बुकिंगच्या मेसेजमध्ये नसते: टेकडीवरचा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे आणि लोकांसाठी २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट असा मोजकाच उघडतो. एरवी टेकडी खालूनच बघायची. आत जायचं तर ओळखपत्र हवं, आणि नागपुरातलं मे महिन्याचं ऊन लक्षात घेता २६ जानेवारीच बरी.

लढाई मात्र फार चांगली सांगतात. २६ नोव्हेंबर १८१७ची संध्याकाळ. नागपूर दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी, म्हणजे रेसिडेंट, जेंकिन्स याच्या बचावाला कर्नल स्कॉटची जेमतेम चौदाशे माणसं, समोर नागपूरचे राजे आप्पासाहेब भोसल्यांची पंधरा-वीस हजारांची फौज. टेकडीवर तेव्हा तटबंदी नव्हती, धान्याची पोती रचून आडोसा केलेला. दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पासाहेबांच्या फौजेतल्या अरब शिपायांनी लहान टेकडी घेतली आणि तिथली तोफ मोठ्या टेकडीकडे वळवली. हे अंतर तीनेकशे यार्डांचं. नकाशावर ते काहीच वाटत नाही. जागेवर उभं राहिलं की मोठ्या टेकडीवरच्यांची काय अवस्था झाली असेल ते कळतं. मग इंग्रजांकडच्या फिट्झगेराल्डच्या घोडदळाची मुसंडी, लहान टेकडीवर दारूगोळ्याच्या गाड्याचा स्फोट, त्या गोंधळात इंग्रजांचा हल्ला. दुपारपर्यंत लढाई संपली. इंग्रजांकडचे ३६७ मेले किंवा जखमी झाले, म्हणजे साधारण चौघांत एक.

घोळ होतो तो शेवटी. “एका रात्रीत नागपूरचं राज्य गेलं, ही आपली प्लासी,” असं म्हणून वॉक गुंडाळतात. प्लासीनंतरही इंग्रजांना १७६४ साली बक्सार लढावंच लागलं होतं, ते सोडा. इथे २९ नोव्हेंबरलाच गॅहनची कुमक पोचली, १२ डिसेंबरला डव्हटनची फौज आली. म्हणजे स्कॉटची तुकडी कापली गेली असती तरी आप्पासाहेबांच्या हाती फार तर पंधरवडा लागला असता. १६ डिसेंबरला ते स्वतः इंग्रजांच्या छावणीत गेले. त्यांच्या फौजेनं तोफा ताब्यात दिल्या नाहीत म्हणून त्याच दिवशी सक्करदऱ्याकडे पुन्हा लढाई झाली. अरब शहरात ठाण मांडून बसले. २४ डिसेंबरचा, शहराच्या जुम्मा दरवाजावरचा इंग्रजांचा हल्ला फसला आणि ३० तारखेला अरब बाहेर पडले ते बोलणी करून. राज्य खालसा झालं त्याहून कितीतरी नंतर, तिसऱ्या रघूजी भोसल्यांच्या मृत्यूनंतर, १८५४ साली.

खरी गळचेपी आधीच झाली होती. १८०३च्या देवगावच्या तहात कटक आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख गेला, १८१६च्या तहानं तैनाती फौज आली. एवढं झाल्यावर बर्डीची टेकडी जिंकून किती फिरलं असतं? वॉकमध्ये देवगावचं नावही निघत नाही, वर्षांचा साधा तक्तासुद्धा हातात देत नाहीत.

त्यामुळे वॉक संपल्यावर ऑटो करून महाल भागात जा आणि गांधी गेट बघा. जुम्मा दरवाजा तो हाच. आयोजकांनी हा टप्पा घेतला तर चौथा स्टार नक्की. बर्डीच्या ट्रॅफिकमध्ये गळ्यातला छोटा स्पीकर मागच्यांना ऐकू येत नाही, तेव्हा पुढेच राहा.