इंदूरची 'हिरवी' इंटरनॅशनल शाळा: सोळा महिन्यांनंतर एका आईचा अनुभव

शाळेचं नाव लिहीत नाहीये. खाली तक्रारी आहेत आणि लेक अजून तिथेच शिकते आहे. बायपासच्या बाजूची शाळा, आयबीचा (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट या आंतरराष्ट्रीय संस्थेचा) अभ्यासक्रम, आणि माहितीपत्रकाच्या पहिल्याच पानावर 'मूल्ये' आणि 'पर्यावरणाशी बांधिलकी' असं मोठ्या अक्षरांत छापलेलं, एवढं पुरे. मागच्या एप्रिलमध्ये लेक तिसरीत दाखल झाली, आता चौथीत आहे. ॲडमिशनच्या आधी मी पालकांचे अनुभव शोधत होते, तेव्हा सापडले ते सगळे पहिल्या आठवड्यात लिहिलेले आणि पाच तारेवाले. म्हणून हा सोळा महिन्यांनंतरचा.

शाळा बघायला गेलो तो फेब्रुवारी होता. रिसेप्शनच्या मागे छतापर्यंत गेलेली झाडांची भिंत. नवरा तिथेच विरघळला. मी हिशेबाच्या कामातली, मला इतक्या पटकन विरघळता येत नाही, पण खोटं कशाला सांगू, मलाही आवडली. मे महिन्यात पारा बेचाळीसकडे गेला आणि सुट्टीत भिंत वाळून गेली. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा भिंत परत हिरवीगार. मी जवळ जाऊन पानाला हात लावला. प्लॅस्टिक. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी शाळेचं बरंच कौतुकही करणार आहे आणि ते वाचताना ही भिंत लक्षात असलेली बरी.

पहिल्या महिन्यात लेक घरी येऊन म्हणाली, "आज आम्ही ओला कचरा आणि सुका कचरा शिकलो." सासूबाई शेवेचा डबा भरत होत्या, त्यांचा हात थांबला. आम्ही सुदामा नगरला राहतो. आमच्याकडे सकाळी पिवळी गाडी येते आणि कचरा सहा प्रकारचा वेगळा लागतो: ओला, सुका, प्लॅस्टिक, सॅनिटरी, ई-कचरा आणि बॅटरी-ट्यूबलाइटसारखा घातक. मिसळून दिला तर गाडीवरचा भैया डबा परत हातात देतो, शेजाऱ्यांच्या देखत. २०१७ पासून स्वच्छतेत इंदूरचा देशात पहिला नंबर येतो आहे तो काही उगाच नाही. सासूबाई म्हणाल्या, "तो गाडीवाला भैया पाठव गं तुझ्या शाळेत, दोन दिवसांत शिकवेल."

आणि झालंही जवळजवळ तसंच. शाळेतली पहिली कार्यशाळा बाहेरून आणलेल्या स्लाइडवर होती, त्यात दोन डबे, एक निळा, एक हिरवा. वर्गातल्या मुलांनीच सांगितलं की मॅडम, आमच्या घरी तर सहा आहेत. त्या वर्गशिक्षिकेचं मला फार कौतुक वाटतं. तिने स्लाइड बंद केली आणि पुढच्या आठवड्यात शाळेतल्याच सफाई दीदीला वर्गात बोलावलं. दीदीने कॉरिडॉरमधला डबा आणून वर्तमानपत्रावर उपडा केला आणि मुलांना दाखवलं की ती रोज हातमोजे घालून काय काय वेगळं करते. अर्धी खाल्लेली सँडविचेस, शार्पनरच्या छिलक्यांत मिसळलेला टिश्यू, रसाचा गळणारा डबा. लेक दोन दिवस जेवताना तेच सांगत होती. आयबीच्या दहा गुणांच्या यादीत 'केअरिंग' असा एक गुण आहे, तो प्रत्येक वर्गाच्या दारावर लॅमिनेट करून चिकटवलेला आहे. माझ्या लेकीला तो दारावरून कळला नाही, दीदीच्या हातमोज्यांवरून कळला. तेव्हापासून ती डबा स्वतः रिकामा करून मगच दप्तरात ठेवते.

आता शाळेची सर्वांत मोठी जमेची बाजू. आयबीच्या प्राथमिक टप्प्यात वर्षभराच्या सहा विषयसूत्रांपैकी एक 'शेअरिंग द प्लॅनेट' असतं. नाव ऐकून मला वाटलं होतं, पृथ्वीचं चित्र काढून खाली घोषणा लिहायची. पण तिसरीच्या मुलांना त्या निमित्ताने एकच प्रश्न दिला: तुमच्या नळाचं पाणी कुठून येतं? सहा आठवडे तोच प्रश्न. मुलं घरोघरी विचारत सुटली. आमच्याकडे सासूबाईंची मुलाखत झाली. सत्तर साली नर्मदेचं पाणी इंदूरला आणा म्हणून मोठं आंदोलन झालं होतं, तेव्हा त्या शाळकरी मुलगी होत्या. नळावरची रांग, हंडे, आणि मग १९७८ साली नर्मदा घरात आली तेव्हाचा आनंद, हे सगळं मीही पहिल्यांदाच ऐकलं. इतकी वर्षं एका घरात राहून मी कधी विचारलंच नव्हतं.

मग वर्गात नकाशा आला. मंडलेश्वरजवळचं नर्मदेकाठचं जलूद, तिथून सुमारे सत्तर किलोमीटरची पाइपलाइन, आणि मध्ये विंध्याचा चढ. पाणी चढ आपणहून चढत नाही, पंप लागतात, पंपांना वीज लागते, आणि विजेचं बिल महापालिकेच्या डोक्यावर. ते कमी करायला जलूदला ६० मेगावॉटचा सौर प्रकल्प ठरला आणि त्यासाठी महापालिकेने २०२३ च्या फेब्रुवारीत ग्रीन बाँड काढून २४४ कोटी उभे केले. मी रोज आकड्यांत बसते, पण माझ्या आठ वर्षांच्या मुलीने मला बाँड समजावून सांगितला: "आई, लोकांनी पैसे उधार दिले, ऊन पकडायला, पाणी वर चढवायला." आता नवरा दाढी करताना नळ चालू ठेवतो तेव्हा ती पाणी वाया जातंय असं म्हणत नाही. म्हणते, "बाबा, वीज वाहतेय." आमच्याकडे पाणी एक दिवसाआड येतं, तेव्हा नळाची किंमत आम्हाला कळत नव्हती असं नाही. पण ही जोडणी शाळेने करून दिली. एवढ्यासाठी मी फी भरते का असं कुणी विचारलं तर हो म्हणेन.

सिरपूर तलावाची सहलही याच विषयात होती. सिरपूर आणि यशवंत सागर, दोन्हींना २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांना देतात तो रामसरचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. मुलांनी पक्षी मोजले, निदान मोजायचा प्रयत्न केला. छान झाली, एवढंच.

कॅन्टीनचं मात्र सविस्तर सांगायला हवं. चौथीच्या मुलांनी तीन आठवडे ताटात उरलेलं अन्न वजनकाट्यावर तोललं. रोजचा आकडा बोर्डावर. पास्त्याच्या बुधवारी सर्वांत जास्त, खिचडीच्या दिवशी मध्यम, आणि पोह्यांच्या दिवशी जवळजवळ शून्य. हे कळायला काटा कशाला हवा होता असं कुठलाही इंदूरकर म्हणेल! पण मुलांनी त्यातून जे काढलं ते मला सुचलं नसतं. पास्ता नावडता नव्हता, वाढपी एकदम मोठा डाव घालत होते आणि मुलांना 'कमी वाढा' म्हणायला संकोच वाटत होता. मग काउंटरवर 'आधी थोडं' अशी पाटी लागली, मुलांच्याच अक्षरात. बोर्डावरचे आकडे उतरले. शाळेचा खर्च: एक कागद.

आता ज्याला शाळा 'बांधिलकी' म्हणते ते. माहितीपत्रकात लिहिलंय की आमच्या आवारातच ओल्या कचऱ्याचं खत होतं. होतं खरंच, मी पाहिलंय, नीट होतं, वासही येत नाही. पण पाच हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या आवारांनी ओला कचरा शक्यतो आतच जिरवायचा, असं घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांतच सांगितलेलं होतं. नियमाने जे सांगितलंच होतं ते मूल्य म्हणून छापायचं, हे मला जरा टोचतं. तसंच सोलरचं. गच्चीवर पॅनेल आहेत, लॉबीत स्क्रीन आहे, किती किलोवॉट बसवलं ते मोठ्या अक्षरांत दिसतं. शाळेला एकूण वीज किती लागते आणि त्यातली किती गच्चीवरून येते, असं मी पालकसभेत विचारलं. परत बसवलेली क्षमताच सांगितली. पगार सांगायचा आणि खर्च सांगायचा नाही, असे क्लायंट माझ्याकडे रोज येतात. वर्गात एसी बावीसवर असतो, लेक भर उन्हाळ्यातही दप्तरात स्वेटर नेते. नवे एसी २०२० पासून कारखान्यातूनच चोवीसवर लावून येतात, म्हणजे कुणीतरी रोज रिमोट हातात घेऊन दोन खाली आणतं.

आणि फाटक. दुपारी अडीचला फाटकाबाहेर या एकदा. एकेका मुलासाठी एकेक मोठी गाडी, इंजिन चालू, एसी चालू, काचा वर, आणि समोर भिंतीवर मुलांनी रंगवलेली पृथ्वी. मी एकदा तिथेच उभी राहून फोनवर हिशेब केला. आमचं घर शाळेपासून १८ किलोमीटर. सोडून परत, आणायला जाऊन परत, रोज ७२ किलोमीटर. लिटरला १२ धरले तर ६ लिटर पेट्रोल. लिटरमागे साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे एका मुलीच्या शाळेपायी रोज जवळजवळ १४ किलो. बस लिटरला ५ चालते आणि निम्मी फेरी रिकामी येते असं धरलं तरी ३५ मुलांत वाटून एकामागे एक किलोच्या जरा वर. बाकी कागदी स्ट्रॉ वगैरे या आकड्यापुढे कुठेच नाहीत. शाळेने बसची सक्ती सोडा, बसने येणाऱ्या मुलांना फीत काही सवलत द्यावी असं आम्ही काही पालकांनी सुचवलं. उत्तर: वाहतूक हा पालकांचा वैयक्तिक निर्णय आहे. गंमत म्हणजे शहरालगतच्या देवगुराडियाला रोज ५५० टन ओल्या कचऱ्यातून गॅस करणारा प्रकल्प २०२२ पासून आहे, आपल्याच भाज्यांच्या सालींवर शहरातल्या बस चालतात, आणि शाळेच्या बस डिझेलच्या.

इथे मला माझंही सांगायला हवं. पहिले चार महिने आम्हीही गाडीनेच सोडत होतो. लेकीला बसमध्ये उलटी व्हायची. नंतर पुढची सीट मागून घेतली, आलेपाक दिला, सवय झाली. ते चार महिने फाटकावरच्या रांगेत माझीही गाडी होती, आणि हो, इंजिन चालू होतं.

युनिफॉर्मवर थोडक्यात: यंदा लोगो बदलला, टी-शर्टपासून ब्लेझरपर्यंत लोगोवालं सगळं बाद. माळव्याच्या उन्हात ब्लेझर कशाला हा वेगळाच विषय. जुने कपडे अदलाबदल करायला एक टेबल द्या म्हटलं तर विक्रेत्याशी करार आहे म्हणाले. मग आम्ही काही आयांनी आमच्याच ओसरीत दोन रविवारी ट्राउझर आणि बुटांची अदलाबदल केली. सासूबाईंनी चहा केला, शिवाय चार जणींच्या स्कर्टची उंची वाढवून दिली.

शेवटचं, गॅदरिंग. विषय होता 'आपली वसुंधरा'. स्टेजवर थर्माकोलची वसुंधरा, दोन माणसं उंच. मागे फ्लेक्स, पाहुण्यांना प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले गुच्छ, आणि प्रेक्षकांना पाण्याच्या छोट्या बाटल्या. सजावटीचं थर्माकोल १ जुलै २०२२ पासून बंदी असलेल्या वस्तूंच्या यादीत आहे. मी ईमेल लिहिला. 'आपल्या मोलाच्या सूचनेबद्दल आभार' आलं. लेकीच्या वर्गाने प्राचार्यांना पत्र लिहिलं, खाली सगळ्यांच्या सह्या, त्यात एकाने सहीऐवजी कासव काढलेलं. ते पत्र प्राचार्यांनी असेंब्लीत वाचून दाखवलं आणि चूक झाली असं सरळ म्हणाले. प्रजासत्ताक दिनाला कापडी तोरणं होती, पाण्याला मटके आणि स्टीलचे पेले. तीच तोरणं या पंधरा ऑगस्टलाही दिसली, एकाला ठिगळ होतं.

तर तारे द्यायचेच तर साडेतीन. वर्गाच्या आतल्या गोष्टींना मी पाच देते, ऑफिसच्या बाजूला दोन. ज्यांना मुलांनी प्रश्न विचारायला शिकावं असं वाटतं त्यांनी ही शाळा जरूर बघावी, फक्त मूल घरीही तेच प्रश्न विचारणार याची तयारी ठेवावी. फी परवडते का याचा हिशेब मात्र बस, युनिफॉर्म आणि सहली धरून करा, नुसत्या शिकवणी फीवर जाऊ नका.

मागच्या आठवड्यात लेक सांगत होती की चौथीची प्रश्नयादी तयार झाली आहे, यावेळी अकरा प्रश्न आहेत. तिसरा प्रश्न रिसेप्शनच्या भिंतीचा आहे: ती भिंत धुतात तेव्हा पाणी कुठे जातं, आणि जे झाड वाढत नाही त्याला पाणी का घालतात? प्राचार्यांनी सोमवारची वेळ दिली आहे. उत्तर आलं की इथेच खाली लिहीन.