गोव्यात न्यायाधीशपदाच्या वाटेवर ई-कोर्ट्‌स ॲप कितपत कामाचं?

20 मे 2025 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर) या पदासाठी तीन वर्षं वकिलीची अट परत आणली. एलएलबीचा निकाल लागला की थेट परीक्षेला, ही वाट त्याने बंद झाली. ज्युनियर वकिलाच्या हातात पडणारे पैसे कदंबा बसच्या पासात आणि दुपारच्या जेवणातच संपतात, त्यामुळे घरात कोणी वकील नसलेल्यांना ही वर्षं जड जाणार. निकाल शोधायचे महागडे डेटाबेस न घेता, फुकट मिळणाऱ्या सरकारी साधनांवर ती निघतात का? निघतात. फक्त सनद (वकिलीचा परवाना) हातात आली त्याच आठवड्यात न्यायालयातल्या प्रकरणांची माहिती देणाऱ्या सरकारी ई-कोर्ट्‌स ॲपला कामाला लावलं पाहिजे.

तीन वर्षं म्हणजे फुकट गेलेला काळ, असं समजायचं कारण नाही. सर्वोच्च न्यायालयातल्या पहिल्या महिला न्यायमूर्ती एम. फातिमा बीवी या सरकारी नोकराच्या घरातल्या. 1950 मध्ये वकिली सुरू केली आणि मुन्सफ (कनिष्ठ दिवाणी न्यायाधीश) झाल्या 1958 मध्ये. पुढे 1968 ला सबजज, 1974 ला जिल्हा व सत्र न्यायाधीश, 1983 ला केरळ उच्च न्यायालय आणि 1989 ला सर्वोच्च न्यायालय. मुन्सफाच्या खुर्चीआधी सात वर्षांहून जास्त काळ त्या वकिली करत होत्या.

आता ॲप. ‘ई-कोर्ट्‌स सर्व्हिसेस’मध्ये जिल्हा न्यायालयं आणि उच्च न्यायालय असे दोन वेगळे भाग आहेत. म्हापशातला दावा उच्च न्यायालयाच्या भागात शोधत बसलात तर सापडणार नाही. प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांक असतो: आधी राज्य आणि जिल्ह्याची चार अक्षरं, मग न्यायालयाचे दोन अंक, नोंदणीचे सहा आणि शेवटी वर्षाचे चार. हा क्रमांक हातात असला की बाकी काही लागत नाही, तेव्हा फाईलच्या पुठ्ठ्यावर तोच मोठ्या अक्षरांत लिहावा.

नावावरून शोधायचं तर गोव्यात खरी कसरत. पक्षकाराच्या नावाची किमान तीन अक्षरं आणि वर्ष द्यावं लागतं, आणि आमची आडनावं रोमी लिपीत एका रूपाला बांधलेली नाहीत. कामत कुठे पोर्तुगीज वळणाने कामोतीम होतात, नाईकांच्या शेवटी क्यू येतो, देसाईंचा एस कधी एकेरी तर कधी दुहेरी, सौझाचं तर विचारूच नका. ॲप अक्षर बघतं, उच्चार नाही. म्हणून आडनाव पूर्ण टाकू नये. सगळ्या रूपांत सारखी राहणारी तीन-चार अक्षरं टाकून यादी मोठी येऊ द्यावी आणि वर्ष एकेक मागे सरकवत जावं.

होतकरू न्यायाधीशासाठी सगळ्यांत मोलाचा पर्याय वकिलाच्या शोधाचा. सनदेचा क्रमांक (महाराष्ट्र-गोवा बार कौन्सिलचं एमएएच, आकडा, वर्ष) टाकला की त्या सनदेवर नोंदलेली प्रकरणं समोर येतात. बहुतेक ज्युनियर इथेच फसतात. वकीलपत्र एकट्या सिनियरच्या नावाचं असेल तर तारखेला रोज उभं राहूनही यादी कोरी. वकीलपत्रावर पहिल्यापासून आपलं नाव आणि सनद क्रमांक घालून घ्यावा, आणि नोंदणी करणाऱ्या कारकुनाने तो भरला का, हे आठवड्याने ॲपवर पाहावं. आपण हजर होतो हे मात्र रोजनाम्यात (त्या दिवशीच्या कामकाजाच्या नोंदीत) नाव आलं तरच दिसतं, तेव्हा हजेरी देताना नाव स्पष्ट सांगावं.

ॲपचा स्क्रीनशॉट म्हणजे अनुभवाचा दाखला नव्हे. दाखला त्या न्यायालयाच्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याचा हवा, किंवा किमान दहा वर्षं वकिली झालेल्या वकिलाचा, त्यावर जिल्ह्याच्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याच्या शेऱ्यासह. दाखला देणाऱ्यासमोर तीन वर्षांची यादी ठेवली की काम सोपं होतं, ॲपचा उपयोग तेवढाच आणि तो पुरेसा आहे. मुदत तात्पुरत्या सनदेपासून मोजतात, अखिल भारतीय बार परीक्षेच्या निकालापासून नाही.

ॲपच्या ‘माय केसेस’मध्ये साठवलेली प्रकरणं फोनमध्येच राहतात. फोन गेला की यादीही गेली. महिन्यातून एकदा एक्सपोर्ट करून ती फाईल स्वतःलाच ईमेल करावी.

निकालांसाठी ई-एससीआर हे सर्वोच्च न्यायालयाचं संकेतस्थळ उत्तम: 1950 पासूनचे त्याचे निकाल-अहवाल, शीर्षटिपांसह (निकालाच्या सुरुवातीच्या सारांशासह), एक पैसा न देता. मराठी भाषांतरं समजून घ्यायला चांगली, पण उद्धृत करताना मूळ इंग्रजीच. गोव्याच्या उमेदवाराने इथे पहिला वाचावा तो 2019 चा जोसे पावलो कुतिन्हो निकाल: गोव्याचा अधिवासी असलेल्या माणसाची मालमत्ता राज्याबाहेर असली तरी तिच्या वारसाहक्काला पोर्तुगीज नागरी संहिताच लागू, असं त्यात ठरलं. बाहेरच्या ऑनलाइन क्लासमध्ये हा विषय कुणी काढत नाही, इन्व्हेंटरी (मृताच्या मालमत्तेच्या वाटणीची गोव्यातली न्यायालयीन प्रक्रिया) तर दूरच. 2012 चा उत्तराधिकार, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी कायदा स्वतःच बसून वाचावा लागतो.

इंडिया कोड या सरकारी संकेतस्थळावर मूळ कायदे मिळतात. 1 जुलै 2024 ला नवे फौजदारी कायदे लागू झाले, त्यानंतर जुनी पुस्तकं आणि नवी कलमं यांचा घोळ मात्र आपणच निस्तरायचा. दंड प्रक्रिया संहितेतलं 482 म्हणजे उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत 482 म्हणजे अटकपूर्व जामीन, आणि अंगभूत अधिकार गेले 528 ला. मुलाखतीत घसरायला एवढंही पुरतं. मोबाईलवर कायदा वाचून डोळे दुखले तर पणजीत पाटोवरचं कृष्णदास शामा ग्रंथालय आहे.

ॲप जे देत नाही ते उलटतपासणी. साक्षीदार कोकणीत बोलतो, जबानी इंग्रजीत टाइप होते, आणि मधल्या दोन सेकंदांत न्यायाधीश काय नोंदवायला सांगतात ते फक्त कोर्टात बसून कळतं. त्यासाठी ॲपच्या कॉजलिस्टमध्ये (दिवसाच्या प्रकरणांच्या यादीत) आदल्या रात्री ‘पुराव्यासाठी’ लागलेली प्रकरणं हेरावीत आणि सकाळी त्याच खोलीत जाऊन बसावं. ज्याला नुसते वस्तुनिष्ठ प्रश्न सोडवायचे आहेत, त्याच्यासाठी हे साधन नाही.