आमच्या मंडळाचं मतदार नोंदणी शिबिर : साडेतीन स्टार

पुण्यात धायरी फाट्याजवळ आमच्या गल्लीतल्या गणपती मंडळाने मागच्या शनिवारी मतदार नोंदणीचं शिबिर ठेवलेलं, संध्याकाळी सात ते दहा. मी आमच्या कामवाल्या मावशींना घेऊन गेलेले.

आधी मावशींचं सांगते. सहा वर्षांपूर्वी दांडेकर पुलावरून धायरीत राहायला आल्या पण नाव अजून तिकडच्याच यादीत. म्हणजे विधानसभेला नाव पर्वतीत आणि घर खडकवासल्यात, लोकसभेला तर नाव पुण्यात आणि घर बारामतीत, घ्या. महापालिकेला १५ जानेवारी २०२६ ला बाई शेअर रिक्षाने दांडेकर पुलावर जाऊन मत टाकून आल्या. पाणी येत नाही धायरीत आणि नगरसेवक निवडायचा दांडेकर पुलावरचा! म्हटलं नाव का नाही बदलून घेत, तर म्हणे "ताई, दोन खाडे होतात त्याला."

खोटं नाही ते. मागे एकदा एका ऑफिसात जाऊन आल्या, साहेब मीटिंगला, उद्या या. चार घरची कामं, एक खाडा म्हणजे चार ठिकाणी बोलणी आणि दोन ठिकाणी पैसे कट. मग एका झेरॉक्सवाल्याने तीनशे रुपये घेतले करून देतो म्हणून, त्याचा ना मेसेज ना पावती. अहो फॉर्म फुकट असतो! नवीन नाव घालायचा सहा नंबर, पत्ता बदलायचा आठ नंबर, कशालाच एक रुपया लागत नाही.

म्हणून शिबिराच्या वेळेला माझे पाचपैकी पाच. एरवी ढोल ठेवतात त्या पत्र्याच्या शेडमधे दोन टेबलं, एक लॅपटॉप, आणि लाइनीत कोण तर वॉचमन, पोळ्यावाल्या काकू, पार्सलवाली पोरं पाठीवरची बॅग पण न उतरवता. सकाळी अकराला ठेवलं असतं तर यातला एक माणूस आला नसता.

टेबलावरची मुलगी कॉलेजची असेल पण फार हुशार. मावशींकडे पत्त्याचा कागदच नाही, लाइट बिल मालकाच्या नावावर आणि तो झेरॉक्स देईना, भाडेकरार नुसता नोटरीचा, आधार आणि पासबुक दोन्हीवर जुना पत्ता. मला वाटलं झालं, परत जा. ती म्हणाली मावशी काळजी नको, जे आहे ते जोडू, बीएलओ (म्हणजे आपल्या बूथची मतदार यादी सांभाळणारे अधिकारी) घरी येऊन बघतील खरंच राहता का ते. म्हणे फुटपाथवर राहणाऱ्याचं पण नाव लागतं, बीएलओ रात्री जाऊन बघतात तिथेच झोपतो का. मला या वयात हे पहिल्यांदा कळलं. आणि पत्ता बदलला तरी मतदार कार्डाचा नंबर तोच राहतो.

मावशींच्या लेकीला ऑगस्टमधे अठरा होतील, तिचाही सहा नंबर आत्ताच भरून घेतला, सतरा पूर्ण असले की आधी भरता येतो. पूर्वी फक्त १ जानेवारीची तारीख धरायचे, २०२२ पासून जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर अशा चार तारखा झाल्यात त्यामुळे ती ऑक्टोबरमधेच यादीत येईल.

आता दीड स्टार कुठे गेला. शेडमधे रेंज नाही, ओटीपी यायचा तोवर वेळ संपलेली, मावशी तीन वेळा फोन घेऊन रस्त्यावर जाऊन आल्या. टोकन नाही त्यामुळे भांडणं. आणि मागे एका माननीयांचा वाढदिवसाचा एवढा मोठा फ्लेक्स, एक आजोबा फोटोसाठी बरोब्बर त्याच्यासमोर उभे, मग पोरांनी पांढरी चादर धरली. काढा ना तो फ्लेक्स एका संध्याकाळपुरता.

लाइनीत कोणीतरी म्हणालं मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टी कायद्यात आहे, रोजंदारीवाल्याला पण. आहेच, लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १३५ ब. मावशी हसल्या फक्त. विधानसभेच्या दिवशी सकाळी त्या आमच्याकडे भांडी घासत होत्या आणि मी शाईचं बोट दाखवून फोटो टाकत होते, हे मला तिथे उभं राहून आठवलं.

मंगळवारी बीएलओ बाई आल्या, जवळच्या शाळेत शिकवतात, शाळा सुटल्यावर आलेल्या. मावशी कामावर, शेजारणीने खोली दाखवली, सही झाली. लेक रोज अर्जाचा नंबर टाकून बघतेय, अजून प्रक्रियेत दाखवतंय. पुढचं शिबिर या शनिवारी आहे, झेरॉक्स आधीच काढून न्या, समोरचं दुकान आठलाच बंद होतं.