गिरणीत स्मार्ट मीटर बसवून आठ महिने झाले, माझा अनुभव

आमची पिठाची गिरणी आहे, शेजारच्या खोलीत मिरची-मसाल्याचं कांडप. गिरणीला 10 एचपीची मोटर, कांडपाला साडेसात. सासऱ्यांनी सुरू केलेली, आता गेली सहा वर्षं मीच बघते. मीटर बदलायचा म्हणल्यावर गल्लीत सगळे म्हणाले नको बसवू देऊ, बिल दुप्पट येतं. आता आठ महिन्यांची बिलं हातात आहेत म्हणून लिहितेय, कारण छोट्या धंदेवाल्यांना कुणी नीट सांगतच नाही.

पहिली गोष्ट, हा प्रीपेड नाही. राज्यात प्रीपेडला विरोध झाला तेव्हा जून 2024 मध्ये सरकारनेच जाहीर केलं की सामान्य ग्राहकांना प्रीपेड लावणार नाही. माझ्याकडचा टीओडी (टाइम ऑफ डे) मीटर आहे, म्हणजे कुठल्या वेळेला किती युनिट वापरले ते वेगवेगळं मोजणारा, आणि बिल नेहमीसारखं महिन्याने येतं.

आता मीटर पळतो का? मला वाटतं गिरणीवाल्याइतकं हे कुणीच तपासू शकत नाही, कारण आपल्याकडे वजनकाटा असतो. मी जुना मीटर असतानाच वहीत लिहून ठेवलं होतं की शंभर किलो गव्हाला साधारण साडेसहा युनिट जातात. नवीन बसल्यावर सलग पंधरा दिवस मोजलं, तेवढेच. मग मधेच एकदा आकडा आठवर गेला आणि मला पण धस्स झालं, म्हणलं लोक म्हणतात तेच खरं की काय, पण दगड उघडून बघितला तर पार गुळगुळीत झालेला, टाकी लावायची, म्हणजे छिन्नीने दगडाला परत खाचा पाडायच्या, राहून गेली होती. टाकी लावून घेतली, पट्टा ताणून घेतला, परत साडेसहा. तेव्हापासून मी पिठाच्या गरमपणावर अंदाज न बांधता युनिटवरून टाकी लावायचं ठरवते. एवढ्या एका कारणासाठी सुद्धा मला हा मीटर आवडला.

तरीही कुणाला शंका असेल तर भांडत बसू नका, लेखी तक्रार द्या. फेब्रुवारी 2024 ला केंद्राने ग्राहक हक्कांच्या नियमात बदल केलाय, रीडिंगबद्दल तक्रार आली तर कंपनीने 5 दिवसांत दुसरा मीटर जोडून द्यायचा आणि निदान 3 महिने त्याच्यावर पडताळून बघायचं.

पैशाचं बोलू. सकाळी 9 ते संध्याकाळी 5 युनिट स्वस्त, 5 नंतर महाग. दिवसा सोलरची वीज भरपूर असते आणि संध्याकाळी ऊन गेलं की सगळ्यांचे दिवे, टीव्ही, पंखे एकदम चालू होतात, म्हणून असं. केंद्राच्या 2023 च्या नियमात दुकान-कारखान्यांसाठी सौर तासांचा दर नेहमीपेक्षा किमान 20 टक्के कमी आणि जास्त मागणीच्या (पीक) तासांचा किमान 20 टक्के जास्त असं आहे. पण ही सूट युनिटच्या दरावर, स्थिर आकार, म्हणजे युनिट कितीही वापरले तरी लागणारी ठरलेली रक्कम, तेवढाच राहतो, त्यामुळे अख्खं बिल 20 टक्क्यांनी उतरेल या आशेवर राहू नका.

आणि गिरणीचा धंदा तर संध्याकाळचा. बायका कामावरून येताना डबा ठेवतात, थांबून दळण घेऊन जातात. पहिल्या महिन्यात माझे निम्म्याहून जास्त युनिट 5 नंतरचे निघाले. मग मी गिऱ्हाइकांना सांगायला सुरुवात केली, ताई सकाळी जाताना डबा ठेवा, येताना पीठ घेऊन जा. काहींना आपल्यासमोरच दळलेलं लागतं, दुसऱ्याच्या ज्वारीत मिसळेल अशी भीती असते, ती पण खरी आहे, म्हणून मी डब्यावर चिठ्ठी लावायला लागले आणि ज्वारी-बाजरीच्या वेळा वेगळ्या केल्या. आता महिन्याच्या नऊशे युनिटांपैकी सहाशेच्या वर दिवसा जातात आणि सातशे-आठशे रुपयांचा फरक पडतो. मला हे जमलं कारण डबा ठेवून जाता येतो. समोरच्या सलूनवाल्या दादांना कसं जमणार, त्यांचं गिऱ्हाईक संध्याकाळीच येणार आणि एसी तेव्हाच लागणार. माझ्या मावसभावाचं वर्कशॉप आहे, त्याने पूर्वीच्या दरावर रात्रपाळी बसवली होती, तेव्हा रात्री 10 ते सकाळी 6 सूट होती आणि सकाळी 9 ते 12 जादा दर, आता सगळं उलटं झालं आणि त्याला कामगारांच्या पाळ्या परत लावाव्या लागल्या. त्याचा राग मला पटतो, दर ठरवताना अशा लोकांचा विचार व्हायलाच पाहिजे.

अजून एक कामाचं. वीज कंपनीच्या ॲपवर कमाल मागणी दिसते, म्हणजे महिन्यात एका वेळी जास्तीत जास्त किती भार घेतला ते. माझा मंजूर भार 15 एचपी आणि दोन्ही मोटरी मिळून साडेसतरा, हे इतकी वर्षं कुणाच्या डोक्यात आलंच नाही. मोटर चालू होतानाचा झटका धरत नाहीत, काही मिनिटांच्या टप्प्याची सरासरी धरतात, त्यामुळे स्टार्टरला घाबरू नका पण दोन्ही मोटरी एकदम तासभर चालवू पण नका. मीटर बसायच्या आधीच्या काळासाठी या आकड्यावरून दंड लावता येत नाही, हे पण नियमात आहे.

तक्रारी आहेतच. बसवायला आलेल्या एजन्सीच्या पोरांनी जुन्या मीटरचं शेवटचं रीडिंग मला न दाखवताच मीटर काढला, पहिलं बिल अंदाजे आलं आणि ते दुरुस्त करायला तीन चकरा झाल्या. जुना मीटर काढायच्या आधी स्वतः फोटो काढा, तारखेसकट. ॲपवर आकडे माझ्याकडे दुसऱ्या दिवशी दिसतात, लगेच नाही. आणि कनेक्शनला सासऱ्यांचा बंद पडलेला नंबर जोडलेला होता, तो बदलेपर्यंत मला एकही मेसेज आला नाही.

माझ्याकडून पाचपैकी साडेतीन स्टार. मार्चला मिरचीचा सीझन सुरू होईल, तेव्हा दिवसभर कांडपाला रांग असते आणि गहू पण थांबत नाही, दोन्ही मोटरी आळीपाळीने चालवून 5 च्या आत किती उरकतं ते बघून मे महिन्यात इथेच लिहीन. कुणी भार वाढवून घेतला असेल तर खर्च किती आला ते खाली सांगा प्लीज.