जळगावचं खनिजांचं दुकान, कोलारचा दगड मिळाला!

जळगावात झिओलाइट (काळ्या दगडाच्या पोकळ्यांत सापडणारी स्फटिक खनिजं) विकणारे आहेतच, जिल्ह्यातल्याच सावद्याचं अपोफिलाइट (तसंच एक स्फटिक खनिज) तर प्रसिद्धच, पण इथं कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणीतला क्वार्ट्झ (गारगोटी) मिळाला आणि मी जाम खुश आहे. पांढुरक्या क्वार्ट्झला अ‍ॅम्फिबोलाइट नावाचा काळपट हिरवा खडक चिकटलेलाय, म्हणजे क्वार्ट्झची शीर (खडकाच्या भेगेत भरलेला पट्टा) आणि तिच्या भोवतालचा खडक दोन्ही एकाच तुकड्यात बघायला मिळतात. दुकानदार भाऊंनी भिंग देऊन स्वतःहूनच सांगितलं की चमकतंय ते पायराइट (सोन्यासारखं दिसणारं खनिज), सोनं नाही, हा प्रामाणिकपणा फार आवडला. आपला बेसाल्ट (इथला काळा दगड) ६.६ कोटी वर्षांचा, कोलारचा खडक २५० कोटींहून जुना, विचार करा! खाण २००१ ला बंद झाली, ३ किलोमीटरहून खोल गेलेली. लेबलवर नुसतं 'कोलार' आहे, कुठल्या शाफ्टचा (खाणीत उतरायच्या उभ्या विवराचा) ते पाहिजे होतं. भाव वाजवी, पोरांना घेऊन जा.